पिंपातली पेंढी

पूजा आटोपून कुमुदताई परसात आल्या. पिंपातली पेंढी पाहिल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. आज लव्हाळ्याची ती पेंढी तळाशी गेली होती.

पाच हजार वर्षांपूर्वी लोक लव्हाळ्याच्या होडीतून ओमानला जात असतील का, हे पाहायला त्यांची लेक चारुता तशीच होडी बांधून चौघांबरोबर निघाली होती. जुन्या लोकांकडे नव्हता, म्हणून वायरलेसही नेला नव्हता. जाताना त्याच लव्हाळ्याची पेंढी पिंपात सोडून म्हणाली होती, “आई, ही तरंगतेय तोवर मीही तरंगतेय असं समज. दोन महिने तरी घोर नको.”

आज अकरावाच दिवस होता.

त्यांनी विद्यापीठातल्या तिच्या पुरातत्त्व विभागात फोन लावून पेंढी बुडाल्याचं सांगितलं. तिथला सहकारी हसला. “काकू, गोड्या पाण्यात लव्हाळं लवकर कुजतं. समुद्राचं पाणी वेगळं.”

“गोडं नाही रे,” कुमुदताई हळूच म्हणाल्या. “पिंप तिनं समुद्राच्याच पाण्यानं भरलंय.”



“तटरक्षक दलाला आत्ता कळवतो,” तो घाईनं म्हणाला. “पण काकू, त्यांनी शोधायचं कुठे?”