बुचावरचे दात

तीस वर्षांपूर्वीची पाण्याची पिस्तुलं हौशी लोकांसाठी नव्या रंगात पुन्हा काढायची ठरली. वराळ्याच्या कारखान्यात पॅकिंगला बसणाऱ्या विठाबाईनं साच्यासाठी घरचं पिस्तूल दिलं. पवनेत बुडालेल्या लेकाचं, संदेशचं. पाणी भरायचं बूच तो दातांनीच उघडायचा.

"मावशी, सगळ्या बुचांवर दातांच्या खुणा उठल्यात," धवलसाहेब म्हणाले. "ग्राइंडरला टाका."

"टाकते. पन माजं जुनं पिस्तूल तेवडं द्या की, सायेब."

"तेच तर खराब होतं! कालच चुरा केला त्याचा."

लेकराला घास भरवावा तशी ती दिवसभर यंत्राला बुचं भरवत राहिली. शेवटच्या बुचावरच्या खुणांवर तिनं आपले दात टेकवून पाहिले.

सुटी झाल्यावर गेटवरच्या बाईनं विचारलं, "काय नेत न्हाई ना, मावशी?"

विठाबाईनं पदर झटकला, पिशवी उलटी करून दाखवली.

तोंड तेवढं उघडलं नाही.