दम

"ती वरडली असती तर पोरांना ऐकू आलं नसतं काय, म्याडम?" सुदेश सर म्हणाले. कॉलेजच्या कबड्डी संघाला तेच शिकवायचे. "सगळी हितंच खेळत होती. एकानं तरी ऐकलं असतं."

पीएसआय कवितानं सगळीकडं नजर फिरवली. मैदानाच्या कडेला खेळाचं सामान ठेवायची खोली होती आणि खोलीला लागूनच जंगल. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी संघाचा कप्तान प्रज्योत यानं या खोलीत आपल्यावर बळजबरी केली, अशी बी.ए.च्या पूर्णिमाची तक्रार होती. प्रज्योत जामिनावर सुटून बाहेरगावी गेला होता. बाकीच्या खेळाडूंचे जबाब शब्दाला शब्द जुळत होते. आम्ही काही ऐकलं नाही.

"ऐकू येतं का तेच बघू," कविता म्हणाली. "सराव चालू राहू दे. मी आत जाऊन ओरडते."

"न्हाई." मागं उभी असलेली पूर्णिमा पुढं आली. "मी जाते. आवाज माझाच पायजे."

"जमेल तुला?" कवितानं विचारलं.

"व्हय."

ती आत गेली आणि दार तिनं स्वतःच ओढून घेतलं.

ऊन कललं होतं. चढाईवर गेलेल्या पोराचा दम तेवढा ऐकू येत होता. जंगलात पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

मग ती ओरडली.

खोलीमागच्या झाडांवरून वानरं धडाधड उड्या टाकत पळाली. उळवी गावाला जाणाऱ्या रस्त्याकडेला चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. कुंपणापलीकडं पाला गोळा करणारी एक म्हातारी हातातल्या कोयत्यासकट धावत आली. "कोन गे ती? कुनाचं पोर वरडलं?"

मैदानावर एकाचीही मान वळली नाही.

उलट तिथला आवाज चढला. कबड्डी कबड्डी कबड्डी. आता चढाईवरचा एकटा म्हणत नव्हता. दोन्ही बाजूंची सगळी पोरं म्हणत होती, एका सुरात, खाली मातीकडं बघत. खेळ थांबला होता. कुणाचाच पाय हलत नव्हता.

"बघा म्याडम," सुदेश सर घाईघाईनं म्हणाले, "पार रस्त्यापर्यंत ऐकू येतंय. म्हंजे त्या दिवशी ती वरडलीच नव्हती."

"सर," कविता मैदानावरची नजर न काढता म्हणाली, "कबड्डीत दम एकटाच धरतो ना?"

सरांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडं गेला.

दार उघडलं. पूर्णिमा उंबऱ्यात येऊन थांबली. म्हातारीनं पुढं होऊन तिचा दंड धरला, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती मैदानाकडं कान देऊन ऐकत होती.

"हेच," ती म्हणाली. "त्या दिवशी बी मी वरडले की भाइर हे असंच वाढायचं. मी कुनाला सांगितलं न्हाई. वाटलं, माझ्याच डोक्यात वाजतंय."

"शिट्टी मारा," कविता सरांना म्हणाली.

पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. दुसऱ्यांदा शिट्टी वाजली आणि पोरं एकदम गप्प झाली.

एक आवाज तेवढा राहिला. मधल्या रेषेवर संघातला अमोल खाली बसला होता. दोन्ही हातांनी कान गच्च दाबून तो म्हणतच होता. शेजारच्यानं त्याला पायानं ढोसलं, "गप रे." तरी त्याच्या तोंडातनं ते थांबेना.

कविता मैदान ओलांडून त्याच्याजवळ गेली. टोपी काढून ती त्याच्या शेजारी मातीत बसली आणि त्याचा दम संपायची वाट बघू लागली.