पाटीवरचा हात

बाहेर फायनलचा तिसरा सेट चालू होता आणि आत क्लबहाउसमध्ये बाबा ब्रशला नावं ठेवत होते.

"हा काय ब्रश आहे? याने फार तर दाढी होईल," ते म्हणाले. मग रंग पातळ निघाला. मग हात टेकवायला काठी नव्हती. ऋता पायाने प्रॅम पुढे-मागे हलवत सासऱ्यांचं सगळं ऐकून घेत होती. प्रॅममध्ये पाच महिन्यांची उर्वी झोपली होती.

चूक तिच्या नवऱ्याची, हृषिकेशची होती. मॉसन लेक्सजवळच्या या जुन्या टेनिस क्लबने आपली आंतरराष्ट्रीय पुरुष एकेरी शंभराहून जास्त वर्षांनी पुन्हा सुरू करायचं ठरवलं. भिंतीवरच्या पाटीवर विजेत्याचं नाव लिहायला पेंटर काही मिळेना. "माझे वडील लिहितील की! पुण्यात चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात. प्रल्हाद पेंटर म्हटलं की काम फत्ते. नो वरीज!" असं हा कमिटीत छातीठोकपणे सांगून आला. बाबांना विचारलं ते नंतर. बाबा म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही' असतं, हे पोटचा मुलगा असून त्याला कळलं नाही.

ऋताची मात्र त्या 'बघू'शी चांगली ओळख झाली होती. बाबा पुण्याहून येऊन दोन महिने झाले होते आणि उर्वीला त्यांनी एकदाही उचललं नव्हतं. "घ्या ना बाबा," म्हटलं की, "बघू, आधी चहा होऊ दे." चहाही अर्धाच कप लागायचा. पाळण्यापाशी मात्र तासन्‌तास उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून, तपासणीला आलेल्या साहेबासारखे. गाणी म्हणायचे, तोंडं वेडीवाकडी करायचे. हात काही पुढे यायचा नाही. "त्यांना लहान बाळांची सवय नाही गं," हृषिकेश म्हणायचा. मुलगा झाला असता तर झाली असती सवय, हे वाक्य ऋता रोज गिळायची.

"पाच-पाच!" असं ओरडतच क्लबच्या सेक्रेटरी मार्गरेटबाई आत आल्या. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. खालच्या चार ओळी वाकड्या आहेत, वेळ मिळाला तर त्याही सरळ करून टाका, मेट. मेट म्हणजे दोस्त, म्हणजे बाबा.

बाबांनी चष्मा लावला आणि पाटी वरून खाली वाचली. १९०४ ते १९१४. नावांपुढे न्यूझीलंड, इंग्लंड, व्हिक्टोरिया. आठवडेच्या आठवडे बोटीने येऊन इथे खेळून गेलेली माणसं. मग युद्ध आलं आणि ओळी थांबल्या. बाबांचं नावांकडे लक्षच नव्हतं. ते अक्षरं बघत होते.

"ऋता, हे सगळं एकाच माणसाने लिहिलंय."

"काहीतरीच काय बाबा! वरचं छापल्यासारखं आहे, आणि खालचं बघा, नुसतं नागमोडी."

"इंग्रजी 'आर'ची शेपटी बघ. वर जाताना बारीक होत गेलीय. पहिल्या ओळीत तशी, शेवटच्या ओळीतही तशीच. माणूस तोच." ते जरा थांबले. "१९११ पासून हात कापायला लागला त्याचा."

ऋताने ते इंग्रजीत सांगितलं. मार्गरेटबाई पाटीच्या अगदी जवळ गेल्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण पद्धत ठाऊक होती. मॅच संपली की त्याच संध्याकाळी, विजेत्याच्या आणि साऱ्या क्लबच्या समोर नाव लिहायचं. रंग वाळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. आजोबा सांगायचे त्यांचे.

"म्हणजे सगळ्यांना दिसत होतं," बाबा म्हणाले. "विचार गं त्यांना, मग चार वर्षं दुसरा पेंटर का नाही शोधला?"

मार्गरेटबाईंना प्रश्नच कळेना. "कशाला शोधायचा?" त्या म्हणाल्या. "पेंटर होता की आमच्याकडे."

बाबांनी तोच ब्रश उचलला. या वेळी नावं न ठेवता.

बाहेर टाळ्या झाल्या. युनिव्हर्सिटीतला नेपाळी मुलगा जिंकला होता, कुशल. घामाने ओलाचिंब, रॅकेट काखेत धरून तो पाटीसमोर येऊन उभा राहिला. मागोमाग सगळा क्लब, आणि सर्वांत पुढे व्हिडिओ घ्यायला फोन उंचावलेला हृषिकेश.

बाबांनी ब्रश रंगात बुडवला. पाटीपर्यंत पोचायच्या आत एक सोनेरी थेंब त्यांच्या बुटावर पडला. मग दुसरा. पहिल्या अक्षराची उभी रेघ पाण्यातल्या काठीसारखी हलत खाली आली. हृषिकेशचा फोन हळूहळू खाली गेला. बाबा थांबले नाहीत. एकेक अक्षर लागत गेलं. कुशल श्वास रोखून स्वतःचं नाव उमटताना बघत होता. शेवटच्या 'एल'ची शेपटी बाबांनी मुद्दाम वर नेली आणि बारीक करत सोडली.

मग अशा टाळ्या पडल्या की खिडक्या वाजल्या.

"जुन्या ओळींना ब्रश लावायचा नाही," बाबा म्हणाले. ऋता भाषांतर करणार, तोवर मार्गरेटबाईंनी रंगाच्या डब्याला झाकण लावलंही होतं.

टाळ्यांनी उर्वी जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. ऋता प्रॅमवर वाकली. बाबा बेसिनपाशी गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन आले. पाटीखालच्या गालिच्यावर त्यांनी ऐसपैस मांडी घातली आणि सगळ्यांदेखत दोन्ही हात पुढे केले.

"आण तिला इकडे," ते म्हणाले. "खाली बसूनच घेतो. निसटलीच, तर मांडीत पडेल."