मैदानाबाहेरचा खो

एसटी सुटली तशी तृप्तीनं मृण्मयीच्या पाठीवर थाप मारली. "खो!"

मैदानावर या थापेसरशी मृण्मयी सुसाट सुटायची. आज स्टँडवर ती पहिल्याच पावलाला आडवी झाली.

"विसरलीस का गं?" ती धूळ झटकत उठली. कॉलेजच्या संघातून खो-खो लीगच्या कंपनीनं तिला एकटीला करारावर घेतल्यापासून तिच्या गुडघ्यांत चिप होती. सामन्याबाहेर पळायला लागली, की चिप पाय धरून ठेवायची.

तृप्ती विसरली नव्हती.

"तुझं बरंय," मृण्मयी म्हणाली, "वाटेल तिथं पळतेस. जा, मी येते मागच्या गाडीनं."

तृप्तीनं धावत एसटी गाठली. दांडी धरून ती आपल्या मोकळ्या पायांकडे बघत राहिली. त्यांना कुलूप लावावंसं कुणालाच वाटलं नव्हतं.