पूजेतलं हत्यार

हाती शस्त्र नसलेल्या पुरुषाचा दसरा म्हणजे निव्वळ श्रीखंड खाण्याचा दिवस, असं रवींद्रचं ठाम मत होतं. तो स्वतः विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासायचा, आणि गेली एकवीस वर्षं वर्तकनगरच्या फ्लॅटमध्ये दर दसऱ्याला स्टेपलर पूजत आला होता.

यंदा मात्र पाटावर कॉर्डलेस ड्रिल होतं. सील न फोडलेला खोका, त्यावर बोटाने काढलेलं ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, बाजूला आपट्याची पानं. दसऱ्याची ही भेट रवींद्रने रवींद्रला दिली होती. निवडायला चार आठवडे लागले. तेवढ्या वेळात त्याने शेकड्याने व्हिडिओ पाहिले आणि ब्रशवाली मोटर की बिनब्रशची, यावर ऑफिसात लोकांचे डबे थंड केले. शेवटी नौपाड्यातल्या दुकानदाराने एवढंच विचारलं, "नुसतं मशीन देऊ की अख्खं किट?" किटच्या नावाखाली गिऱ्हाइकाच्या गळ्यात खिळे-स्क्रूंची पिशवी मारतात, हे रवींद्रला पक्कं ठाऊक होतं. "नुसतं मशीन," तो म्हणाला, आणि त्या माणसाचा डाव ओळखल्यासारखा हसला.

तसं म्हटलं तर हे सगळं आईसाठीच चाललं होतं. मीराबाई ऐंशीच्या. संडासात उठता-बसताना धरायला एक हँडल लावून दे, असं त्यांनी गौरींच्या आधी सांगितलं होतं. स्टीलचं हँडल दुसऱ्याच दिवशी आलं, आणि तेव्हापासून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं वॉशिंग मशीनवर पडून होतं. भिंतीला चार भोकं पाडायची म्हणजे योग्य मशीन नको का? मीराबाईंनी तोवर आपल्यापुरता तोडगा काढला होता. दुपारनंतर त्या पाणी पीत नसत.

बेल वाजली. तळमजल्यावरचा कुंडलिक सुतार सोनं द्यायला आला होता. त्याने रवींद्रच्या हातात पानं ठेवली आणि मीराबाईंच्या पाया पडला.

"कुंडलिक, तूच लाव रे बाबा ते हँडल."

"दहा मिनिटांचं काम, आजी. थांबा, मशीन आणतो."

"अरे, तुझी हत्यारं नाही बसली पूजेला?" रवींद्र म्हणाला.

"बसलीत ना, साहेब. आजीसाठी उठवतो एक. देव काय काम काढून घेणारे माझ्याकडनं?"

"आणि वायरचं मशीन ओल्या संडासात? शॉक बसला म्हणजे? म्हणून तर कॉर्डलेस घेतलं. उद्या सकाळी सील फोडायचं, पहिलं भोक आईच्या हँडलचं."

"मग हेच काढा की आत्ता."

"पूजेतलं हत्यार उचलतात का, कुंडलिक? तू कारागीर माणूस. तुला हे मी सांगायचं?"



"अहो, लावू द्या ना त्यांना," रवींद्रची बायको संचिता स्वयंपाकघरातून म्हणाली. "गौरीपासून ऐकतेय मी."

"तुझ्या पुऱ्या करपतायत."

मीराबाई खुर्चीचे हात धरून उठल्या. "रवी, मला जायचंय."

"जा ना, आई. भिंत धरून जा. आजचाच दिवस."

"त्या स्टेपलरची पूजा झाली की संध्याकाळी त्यानेच कागद टोचत बसायचास," मीराबाई म्हणाल्या. "तेव्हा नाही तुझा देव कोपला."

भिंतीवरून बोटं सरकवत त्या आत गेल्या.

रवींद्रने कुंडलिकला पाटाशी ओढलं. "उचलू नकोस. नुसता हात लावून बघ. आहे की नाही हलकं? हल्लीची टेक्नॉलॉजी."

कुंडलिकने एका बोटाने खोका ढकलला. तो सहज सरकला. कुंडलिकच्या कपाळाला आठी पडली. "साहेब, हे जरा जास्तच हलकं..."

आवाज फार मोठा झाला नाही. ओलं पोतं जमिनीवर टेकवावं तेवढाच. मागोमाग बादली कलंडली.

कुंडलिक आधी पोचला. मीराबाई कमोड आणि भिंतीच्या मध्ये पडल्या होत्या. एक पाय, पाय वळत नाही अशा दिशेला वळला होता. त्या ओरडत नव्हत्या. "साडी ओली झाली गं, संचिता," त्या हळू आवाजात म्हणत होत्या. "कुणाला आत येऊ देऊ नकोस."

कुंडलिकने तोंड फिरवलं आणि गाडी बघायला जिना उतरत सुटला. संचिता हातातल्या झाऱ्यासकट आत शिरली आणि तिने दार लोटून घेतलं.

रवींद्र लोटलेल्या दाराशी उभा राहिला. मग एकदम त्याला काय करायला हवं ते सुचलं. तो धावत बाहेरच्या खोलीत आला, हार ओरबाडून फेकला आणि खोका मांडीवर घेतला.

"आत्ता लावतो, आई!" तो तिथूनच ओरडला. "पाच मिनिटं!"

सील नखाने निघेना, त्याने ते दातांनी फाडलं. आत ड्रिल होतं. निळं, देखणं. त्याच्या एका बाजूला एक मोठा रिकामा खळगा होता, दुसऱ्या बाजूला एक लहान रिकामा खळगा. त्याने खालचा पुठ्ठा उचलून पाहिला. खाली वॉरंटीचं कार्ड होतं.

त्याने झाकण लावलं आणि अंगठ्याने स्वस्तिक पुसलं. कुंकवाखाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं, की बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतील.