मूळ रंग

आजोबांचं चितेगावच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन केयूरनं पुन्हा मूळ रूपात आणायला घेतलं. आजोबांनी फासलेला निळा रंग खरवडला, तर खाली कंपनीचा हिरवा निघाला. तीच छटा शोधून त्यानं लावली. पिस्टनवरची काजळी घासली, तेव्हा छिन्नीनं कोरलेली चांदणी दिसली.

शहरातल्या जुन्या यंत्रांच्या प्रदर्शनात त्यानं इंजिन ठेवलं, शेजारी पिस्टन मांडला. लोक आजोबांचं कौतुक करू लागले, तसा केयूर फुलून गेला.

हर्सूलचे म्हातारे फारूखभाई मात्र पिस्टनवर बोट फिरवत थबकले. "ही चांदणी माझ्या अब्बांनी कोरलेली, बेटा. इंजिन चोरीला गेल्यावर त्यांनी गावोगाव लई हुडकलं.

पण ते हिरवं इंजिन हुडकत होते."