बिनविषारी

जोनासने साप झटकून टाकला तेव्हा त्याच्या उजव्या मनगटावर दोन बारीक लाल ठिपके उमटले होते.

"पाणसाप इतका चावरा असतो हे नव्हतं सांगितलंस," तो हसत म्हणाला.

लेव्हीने साप काठीखाली दाबला आणि शेपटी पाहिली. शेपटीचं टोक तुटलेलं होतं. तुटक्या जागी खुळखुळ्याचं एकच कडं उरलं होतं. हा विषारी खुळखुळ्या साप, रॅटलस्नेक होता; एकटं कडं वाजत नाही. पाच मिनिटांपूर्वी त्यानेच छातीठोकपणे सांगितलं होतं, की बिनविषारी आहे, खुशाल उचल. कॉलेजच्या निसर्गमंडळात सापांच्या बाबतीत लेव्हीचा शब्द शेवटचा मानत. जोनासने कधी नव्हे ते मुकाट्याने ऐकलं होतं.

तिसरा सोबती एमरी डॉक्टरला आणायला धावत डोंगर उतरला. गाव नऊ मैलांवर होतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या त्या डोंगरात तिघांचा तंबू पडून दहा दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी तीस पक्षी, दोन पेट्या भुंगे आणि ढीगभर नेचे जमवले होते. लेव्हीने जखम चिरली, चोखली, दंड पट्ट्याने आवळला, होती तेवढी व्हिस्की पाजली. तरी हात खांद्यापर्यंत सुजून काळानिळा पडला.

जोनासने वही काढायला लावली. लक्षणं तासातासाला लिहून घे, म्हणाला, मंडळाला असा नमुना पुन्हा मिळायचा नाही. लेव्ही लिहू लागला. ओठ बधिर. जिभेवर लोखंडाची चव. उलटीतून रक्त. प्रत्येक ओळीला त्याला वाटे, आता जोनास त्याच्या चुकीचा विषय काढणार. जोनासने तो काढला नाही. एकदाच त्याने वहीत डोकावून पाहिलं.

"तुझं अक्षर आज फारच घाणेरडं येतंय," तो म्हणाला.

उन्हं कलली तसा लेव्ही ओढ्यावरून पाणी आणायला गेला. परतला तेव्हा वही जोनासच्या पोटावर पालथी पडली होती, पेन्सिल डाव्या हातात होती आणि श्वास थांबला होता. डॉक्टर उशिरा पोचले. त्यांनी वही खिशात घातली आणि प्रेत खाली न्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोनासचे वडील गावात आले. मिस्टर विलर्ड गिरणीवाले होते. निरोप मिळाला तसेच निघाले असावेत, कोटाच्या शिवणींत पीठ होतं. लेव्ही सकाळपासून एकच वाक्य मनात घोळवत होता. चूक माझी होती. तो उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, तोच विलर्डनी वही त्याच्या हातात दिली.

शेवटच्या पानावर डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं होती. 'साप ओळखण्यात मी चुकलो. लेव्हीने हात लावू नको म्हणून दोनदा बजावलं. मी ऐकलं नाही.'

विलर्ड खुर्चीत बसले.

"पोरा, घरी गेल्यावर त्याची आई मला हेच विचारणार," ते म्हणाले. "खरं सांग, अडवलं होतंस ना त्याला?"

लेव्हीने ती अक्षरं पुन्हा वाचली. मग वही मिटली.

"दोनदा," तो म्हणाला.